देवजीच्या जाळ्यातलं पाणमांजर

"...मग ह्यात माझा दोष कुठं, बाबा?"

देवजी तांडेल हसनबाबा फकिराच्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसला होता. खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधलेलं सगळ्यांत मोठं डोल जाळं त्याचं. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे.

"मी जाळं घेऊन कुणाच्या मागं लागत नाही. ते एका जागी उभं असतं. भरतीसोबत मासळी आपणहून आत शिरते."

"मग?" हसनबाबांनी विचारलं.

"परवा मासळीमागं पाणमांजराची मादी शिरली. आत गेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. जाळं वर घेतलं, तेव्हा गुदमरून मेलेली... थानं दुधानं भरली होती."

"ह्याआधी?"

"कासवं. चार... पाच असतील." देवजीनं मान वळवली. "त्यांचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण हिची दोन पिल्लं खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत तेव्हापासून ओरडताहेत. घास उतरत नाही. तुम्ही दुवा मागा, मी गावजेवण घालतो. तेवढं हे माझ्या मनातून काढा."

"आज जाळं लावलंयस?"

"हंगाम आहे, बाबा..."

बाबा उठले. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले आणि तिवरांच्या दिशेनं चालू लागले. देवजी मागून गेला.

एक पिल्लू मुळांमध्ये ताठ होऊन पडलं होतं. माश्या बसल्या होत्या. दुसरं अजून तोंड उघडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

बाबांनी ते उचललं आणि देवजीच्या ओंजळीत ठेवलं.

देवजीच्या हातांना मासळीचा वास होता. पिल्लानं तो हुंगला. अंग सैल सोडलं. मग देवजीचं बोट तोंडात धरून चोखू लागलं.

देवजी तिथंच चिखलात बसला. दोन दिवस दाबून ठेवलेलं रडू एकदम बाहेर आलं. बाबा उभेच राहिले.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं. चेहरा उजळला होता.

"पाहिलंत ना, बाबा... ह्यानं मला माफ केलं."

बाबा त्या बोटाकडं बघत होते.

"त्याला भूक लागलीय, देवजी."