कडूकंदाचा धडा

“मग चुकलं कुठं, आजी? राख तुम्ही सांगितली तेवढीच घातली होती. पाणी वाहतं होतं. वेळ घड्याळ लावून मोजली होती. मग चुकलं कुठं?”

चांगुणाआजीने मान वर केली नाही. कातकरवाडीच्या टोकाला तिची झोपडी. पुढच्या सारवलेल्या अंगणात ती कडूकंद चिरत बसली होती. चकत्या अशा पातळ पडत होत्या की त्यांतून ऊन दिसावं.

“बस आधी,” ती म्हणाली. “उभ्यानं पाव्हणे बोलतात.”

खांबेटे मास्तर बसले नाहीत.

दोन हिवाळे ते याच अंगणात शिकायला येत होते. आजीला गुरू म्हणत, चारचौघांत म्हणत. आजी त्यांना मास्तरच म्हणे. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

कडूकंद म्हणजे कातकऱ्यांचं अडीअडचणीचं अन्न. घरातला दाणा संपला की रानात वेल शोधायचा आणि कंद खणायचा. पण तो नुसता उकडून खाल्ला तर घसा जळतो, ओकाऱ्या होतात, चांगला धडधाकट माणूस आडवा पडतो. म्हणून चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओढ्यात ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा उकडायच्या. मग तेच विष लेकरांच्या तोंडचा घास होतं.

खांबेट्यांनी ही सगळी रीत आश्रमशाळांच्या विज्ञानाच्या पुस्तिकेत घातली. राख काय करते, पाण्यात काय विरघळतं, सगळं आकृत्या काढून समजावलं. आजीच्या हातचा कंद शहरातल्या प्रयोगशाळेतून तपासूनही आणला. “रानाची विद्या आणि प्रयोगशाळेची विद्या एका पंगतीला बसली पाहिजे,” असं ते प्रत्येक सभेत म्हणत. अगदी मनापासून म्हणत.

आणि आठ दिवसांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका शाळेत, बाईंनी पुस्तिकेबरहुकूम कंद शिजवला आणि मुलींना वाढला. नऊ मुलींना सलाईन लावावं लागलं. कसली पंगत नि कसलं काय.

“पोरी कशा हायत?” आजीने विचारलं.

“सगळ्या घरी गेल्या.”

“जेवतात?”

 त्यांतल्या एकीच्या घरी खांबेटे जाऊन आले होते. सुगंधा हिलम, सहावीतली. आईने पुढ्यात कंद ठेवला तर पोरीने पान लोटून दिलं. म्हणाली, शाळेनं विष दिलं, आता तूही देतेस का? आईने भरलं मडकं उकिरड्यावर नेऊन उपडं केलं. मास्तर तिथेच उभे होते.

“भात खातात,” ते म्हणाले. “असला तर.”

आजीची कोयती थांबली. मग पुन्हा चालू लागली.

मास्तरांनी पिशवीतून बरणी काढून तिच्यापुढे ठेवली. त्या दिवशी उरलेला कंद त्यात होता. आजीने झाकण उघडलं, वास घेतला.

“कुठल्या अंगाचा? उन्हाच्या का सावलीच्या?”

“म्हणजे?”

“डोंगराच्या कुठल्या अंगाला खणला?”

“ते... बाईंनी लिहून ठेवलेलं नाही.”

“पुस्तकानं विचारलं नसंल.”

“पण वेल तोच, आजी. जात तीच. पानंसुद्धा मी पडताळून पाहिली.”

“दोन जावा एका घरातल्या, एकच चूल, एकच डाळ. आमटी सारखी लागती का? तुझ्या बायकोला विचार.” आजी बोलली, पण हसली नाही. “एक कंद एका रातीत गोड व्हतो. दुसरा दोन रातींत बी नाय. वरून कळत नाय. म्हणून तर...”

ती थांबली.

“म्हणून तर काय?”

“सांगतलं व्हतं तुला.”

...

सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. शिजवणारीनं आधी खायचं. मग काही न खाता बसून राहायचं. उन्हं कलेपर्यंत पोटात कालवलं नाही, तर लेकरांना वाढायचं. मास्तरांनी ते वहीत शब्दन् शब्द उतरवूनही घेतलं होतं.

पण पुस्तिका लिहायला बसले तेव्हा त्या ओळीपाशी त्यांचा हात अडखळला. त्यांच्या घरी देवाला दाखवण्याआधी पदार्थाचा वाससुद्धा घेत नसत. लहानपणी पुरणाला नुसतं बोट लावलं म्हणून आईने सगळं पुरण नव्याने शिजवलं होतं. शहरातले लोक ही ओळ वाचून काय म्हणतील, ते त्यांना बसल्या जागी ऐकू येत होतं. आधी स्वतः खातात आणि मग उष्टं पोरांना घालतात, अशी रीत. या माणसांना आधीच कमी का नावं ठेवली जातात...

म्हणून त्यांनी ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं : ‘तयार पदार्थ मुलांना वाढावा.’

मायेपोटी काढली, असंच त्यांना वाटत होतं.

“मी ती ओळ लिहिली नाही, आजी.”

“का?”

“लोकांनी तुम्हाला नावं ठेवली असती.”

“बरं,” आजी म्हणाली. “मंग आता काय ठेवतात?”

 मास्तरांचा हात पिशवीत गेला, तसाच बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी त्यांनी एक कागद काढला.

“हा पुस्तिकेच्या समितीने दिलाय. मी लिहिलेला नाही.”

“वाच.”

“तुम्ही नुसता अंगठा...”

“वाच की. मला कुठं वाचाया येतं.”

त्यांनी वाचलं. “‘मी, चांगुणाबाई मुकणे, असे लिहून देते की, कडूकंद शिजवण्याबाबत मी दिलेली माहिती अपुरी होती...’” पुढे त्यांना वाचवेना.

“मंग?”

“यावर तुमचा अंगठा असला, तर हा एक पाठ जाईल आणि बाकीची पुस्तिका टिकेल.” ते भराभर बोलू लागले. “बावीस पाठ आहेत, आजी. तुमच्याच लोकांची विद्या. मुंग्यांवरून पावसाचा अंदाज, खेकड्यांची बिळं, जखमेवरचा पाला. पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात येतंय हे सगळं. अंगठा नसला तर उद्याच्या बैठकीत सगळं रद्द. मलाही काढतील, पण ते राहू दे. तुम्हाला कुणी काही करणार नाही. मी शब्द देतो.”

आजी ऐकत होती. कोंबडी चकत्यांपाशी आली, तिला तिने हाताने हाकललं.

“दे,” ती म्हणाली.

“काय?”

“कागद. लावते अंगठा.”

इतकं सोपं होईल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. घाईघाईने त्यांनी शाईची डबी उघडली. त्याच क्षणी तोंडाला कडवट चव आली.

“म्हंजी त्या शाळेतला कंद माझ्या नावाचा झाला,” आजी म्हणाली.

“कागदापुरता.”

“झाला ना पण?”

“हो... तसं म्हणायचं.”

आजीने हात लुगड्याला पुसला. मास्तरांनी डबी पुढे सरकवली. पण तिचा हात शाईकडे गेला नाही. तो बरणीत गेला. काळपट पडलेली एक चकती तिने उचलली आणि तोंडाकडे नेली.

मास्तरांनी झेप घालून तिचं मनगट धरलं.

“आजी, विष आहे ते.”

“माझ्या नावाचं हाय.”

“अहो, नऊ मुली...”

“नऊ पोरींनी खाल्लं, आन् जिचं नाव तिनं नाय खाल्लं. अशी रीत नाय आमची. सोड.”

म्हातारीच्या मनगटात जोर होता. मास्तरांनी सोडलं नाही. चकती तिच्या ओठांपासून चार बोटांवर अडली होती.

“सोड, मास्तर. नायतर सांग कुणाच्या नावाचं हाय.”

...

...

मास्तर खाली बसले. अंगणातल्या मातीत, तसेच. आजीच्या बोटांतून त्यांनी चकती काढून घेतली, बरणीत टाकली, झाकण लावलं. मग कागद मांडीवर घेतला आणि चांगुणाबाई मुकणे या नावावर एक रेघ ओढली.

खाली त्यांनी आपल्या हाताने लिहिलं आणि आजीला वाचून दाखवलं. “‘मी, निरंजन खांबेटे. शिजवणाऱ्याने आधी खावे आणि थांबावे, हे मला स्पष्ट सांगण्यात आले होते. ती ओळ मी गाळली.’” त्याखाली सही केली.

आजीने ऐकून घेतलं. शाब्बास म्हणाली नाही, की काही नाही. कोयती ओढून घेतली आणि राहिलेला कंद चिरायला लागली.

मास्तर वाट पाहत राहिले. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

“उद्या मी हे बैठकीत देईन. पुस्तिका जाईल, आजी. बावीसच्या बावीस पाठ जातील. ते म्हणतील, बघा, म्हणूनच असलं काही शाळेत आणायचं नसतं. आणि ती सुगंधा... ती आईच्या हातचा कंद पुन्हा खाईल की नाही, कुणाला माहीत. मग एवढं लिहून मिळवलं काय मी?”

आजीने चिरलेल्या चकत्या टोपलीत भरल्या. टोपली बाजूला ठेवली. मग पहिल्यांदाच मास्तरांकडे नीट पाहिलं.

“हा पहिला घास झाला, मास्तर. आता बस... उन्हं कलू दे.”