झिमाईची हाळी

घाटातून सडक गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते कुणी मोजलं नाही.

माणदेशाच्या माळावर सात बिऱ्हाडांचा एक धनगरवाडा होता. हा वाडा दगडामातीचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं आणि मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची जाळ्याची वाघर, हे सगळं मिळून वाडा. दिवाळी झाली की तो घाट उतरून कोकणात जायचा आणि पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर चढायचा.

वाड्यात कामं वाटलेली होती. बाप्ये काठी घेऊन मेंढ्या चारायला जात. बाया मुक्कामावर कोकरं सांभाळत. कोकराचे पाय कोवळे, त्याला रान झेपत नाही. दिवस कलला की बाया हाळी देत, "कुर्र ये, ये, ये." ती हाळी ऐकली की दुधानं तटतटलेल्या मेंढ्या धावत माघारी येत आणि आपापलं कोकरू हुडकून पाजत. प्रत्येक बाईची हाळी वेगळी. बाप्ये मेंढरू ओळखायचे ते कानावरून, कारण प्रत्येक घराची खूण कानाला कापलेली असायची. बायांना कान बघावा लागत नसे.

वाट चालताना मात्र बाईनं तोंड उघडायचं नाही, असा वाड्याचा नियम होता. पुढं बाप्ये आणि कळप, मागं बाया, घोड्यावर संसार आणि संसारावर कोकरं. बाईच्या हाळीनं मेंढरं फुटतात, असं म्हणायचे. मेंढरं फुटली म्हणजे कळप मोडला. म्हणून हाळी द्यायची बाप्यानं, आणि काठी धरायची ती पण बाप्यानंच.

त्या वाड्यात धुळाप्पाची लेक होती झिमाई. सोळा वर्षांची. पुढं सगळा मुलूख तिला झिमाई म्हणू लागला, पण त्या वेळी घरात नुसती झिमी. धुळाप्पाला मुलगा नव्हता. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. मागं राहिली बायको, लेक आणि ऐंशी मेंढ्या. सगळ्यांच्या उजव्या कानाला एक खाच.

झिमाईचा चुलता लिंगाप्पा. माणूस वाईट नव्हता. भावाच्या बायकोपोरीला उपाशी ठेवणारा तर नव्हताच. त्यानं रीतीप्रमाणं सांगितलं की घाट उतरला की पहिल्या मुक्कामाला भावाच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला माझी खूण करतो. एकदा कान कापला की मेंढरू त्याचं. झिमी आणि तिची आई त्याच्या चुलीवर जेवतील. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

झिमाईला वाटलं. ती सरळ वाड्याच्या कारभाऱ्याकडं गेली. सोमाप्पा त्याचं नाव. पांढऱ्या मिशा, बोलणं कमी. ती म्हणाली, माझ्या बापाची काठी मला द्या. माझी मेंढरं मी राखीन.

सोमाप्पानं तिच्याकडं बघितलं. चेष्टा केली नाही. "काठी धरशील, बाय. हाळी कोण देणार?"

"मीच."

"बाईच्या हाळीनं मेंढरं फुटतात," तो म्हणाला आणि चिलीम पेटवायला लागला. म्हणजे बोलणं संपलं.

परतताना तिला पोरांनी चिडवलं, कारभारीणबाई आल्या, काठी हुंगून आल्या. तिनं घोड्याची रस्सी आवळली इतकंच.

वाडा निघाला. चौथ्या दिवशी सकाळी घाटमाथ्यावर पोचला आणि अवकाळी पाऊस आला. पाऊस थांबला तसं धुकं उतरलं. असं म्हणतात की तसलं धुकं त्याआधी पडलं नाही आणि नंतरही नाही. आपला हात आपल्याला दिसेना. घोड्याची शेपटी धरून चालणाऱ्याला घोडं दिसेना. सात बिऱ्हाडांची बाराशे मेंढरं एकमेकांत मिसळली आणि सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, पांगली. सड्याच्या पुढं कडा. कड्याखाली तीन ताडांची दरी.

बाप्यांनी हाळी सुरू केली. "हर्र, हर्र, च्याव." जितकी जोरात हाळी, तितके खुरांचे आवाज लांब जायला लागले. मग दगड सुटल्याचा आवाज आला. एक मेंढरू ओरडलं आणि मधेच थांबलं.

मग पुन्हा हाळी, अजून जोरात.

झिमाई मागं घोडं धरून उभी होती. तिच्या एकदम ध्यानात आलं. बाप्याची हाळी म्हणजे पुढं चल. जन्मभर त्या मेंढरांनी बाप्याच्या तोंडून तेवढंच ऐकलं होतं. आणि पुढं तर कडा होता.

तिनं रस्सी आईच्या हातात दिली. चाचपडत एका कातळावर चढली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कोकरं पाजायची हाळी दिली.

"कुर्र ये, ये, ये."

धुक्यातून लिंगाप्पा गरजला, "गप बस, पोरी. मेंढरं फुटतील."

"फुटू द्या, तात्या," ती म्हणाली. "माघारी फुटतील."

ती पुन्हा ओरडली. असं म्हणतात की तो आवाज सात दऱ्यांत गेला आणि सातही दऱ्यांनी तो माघारी पाठवला. घोड्यावरची कोकरं एकदम बें बें करायला लागली. आणि कड्याच्या अंगानं खुरांचा आवाज आला. जवळ येणारा.

तेव्हा तिनं बायांना हाका मारल्या. काकी, तुम्ही त्या दगडावर. वहिनी, तुम्ही झाडापाशी. आत्या, तुम्ही वाटेवर. बाया पहिल्यांदा बिचकल्या. वाटेवर तोंड उघडायची सवय नव्हती. मग एक हाळी सुटली, दुसरी सुटली, आणि सात ठिकाणांहून सात हाळ्या सुरू झाल्या. मेंढरं धुक्यातून आली ती वाटून आली. ज्या बाईच्या आवाजावर वाढली, त्या बाईच्या पायाशी जाऊन उभी राहिली. कड्यावरून अर्धी खाली घसरलेली मेंढी पण वर चढून आली, असं म्हणतात. धुकं त्या आवाजानं मधोमध फाटलं, असंही म्हणतात.

बाप्यांनी एकेका मेंढराचा कान बोटांनी चाचपून बघितला. बाराशेला एक गेलं होतं, तेवढंच कमी. बाकी एकही चुकीच्या जागी नव्हतं.

नाही, एक होतं. झिमाईच्या घोळक्यात एक तगडा मेंढा निघाला, डाव्या कानाला खूण. लिंगाप्पाचा. त्यानं त्याला शिंगाला धरून ओढलं. मेंढा हलेना. झिमाई म्हणाली, याची आई याला वितानाच मेली होती तात्या, यानं माझ्या बोटानं दूध प्यालंय. लिंगाप्पानं आणखी एकदा ओढून बघितलं. घामाघूम झाला. मग शिंग सोडलं.

"राहू दे तुझ्याकडं," तो म्हणाला. कान कापायचा चाकू त्याच्या कमरेला होता. तो त्यानं त्या प्रवासात काढला नाही, पुढंही नाही.

सोमाप्पा ओल्या दगडावर बसला होता. त्याला आपल्या आज्याचं बोलणं आठवलं. आजा म्हणायचा, वाटेवर बायांनी हाळी देऊ नये, कोकरं मागं असतात, मेंढ्या उलट्या फिरतात आणि मुक्काम गाठत नाहीत. एवढीच गोष्ट होती. सोमाप्पानं ती सगळ्यांपुढं सांगितली. आपलं चुकलं असं काही तो म्हणाला नाही, त्याचा तसा स्वभाव नव्हता. उठला, धुळाप्पाची काठी घोड्यावरच्या ओझ्यातून स्वतः ओढून काढली आणि झिमाईच्या हातात दिली.

"पुढं चाल," म्हणाला.

त्या दिवशी वाड्याच्या पुढं झिमाई चालली.

पुढं चाळीस वर्षं तिनं मेंढरं राखली. ऐंशीची चारशे केली. जाणता नवरा बघून लग्न केलं आणि मेंढरांच्या कानाला बापाचीच खाच ठेवली, नवऱ्याची खूण होऊ दिली नाही. बैठकीत बसायची आणि नको त्या वाटेला नको म्हणायची. तिच्या हाळीला लांडगा पण थबकायचा, असं म्हणतात. ती गेल्यावर लांडगे धीट झाले, हे मात्र सगळे सांगतात.

आता घाटातून डांबरी सडक आहे. वाडे अजून उतरतात. त्या वाड्यांत मुलगी जन्मली की बाराव्या दिवशी एका कोकरीच्या कानाला नवी खूण करतात, बापाची नव्हे, तिची. ती मेंढी आणि तिची पिल्लं मुलीची. सासरी गेली तरी कान बदलत नाही.

आणि घाटमाथ्यावर आलं की कळप थांबतो. बाप्ये काठ्या काखेत धरून गप्प उभे राहतात. वाड्यातल्या पोरी कातळावर चढतात. काही शाळेला असतात, त्या दिवाळीच्या सुट्टीत तेवढ्यासाठी येतात. सगळ्यांत धाकटी पहिली हाळी देते. आवाज चिरकतो, हसत कुणी नाही. मेंढ्या अजून ती हाळी मानतात, शंभर पावलं पुढं गेलेला कळप उलटा फिरतो, सडकभर होतो, ट्रका अडकतात. अर्धा तास जातो.

मागच्या वर्षी एक ट्रकवाला फार भोंगा वाजवत होता. एक म्हातारा धनगर त्याच्या खिडकीशी गेला.

"इंजिन बंद करा, पाव्हणं," तो म्हणाला. "पोरगी हाळी देतीय."

ट्रकवाल्यानं बंद केलं.