बॅटरी गेल्यावर

मोटारसायकली किक मारून सुरू होत, त्या काळातली गोष्ट. एका जुन्या गाडीची बॅटरी गेली. तशी दुसरी कुठे मिळेना, तेव्हा बाबल मिस्त्रीने तिची जागा रिकामीच ठेवली आणि इंजिनाची वायर सरळ दिव्याला जोडली.

दिव्याचा जीव टांगणीला लागला. इंजिन बंद असतानाही बॅटरी त्याला साठवणीतलं काही देत असे. आता कोण देणार?

"मी फिरेन तेवढं तुला मिळेल," इंजिनदादा म्हणाला. "उगाच रडगाणं लावू नकोस."

तिन्हीसांजेला घाटातल्या वळणावर म्हैस आडवी आली. गाडी मंदावली, तसा दिवा तांबूस होत विझायला आला. शेजारी दरी. सवयीने तो ओरडला, "बॅटरीबाई, द्या ना थोडं!"

पण तिची जागा तर रिकामी होती.

"मीही तिलाच हाक मारणार होतो," इंजिनदादा हळूच म्हणाला. मग गाडी चालवणाऱ्या मालकाने वेगाची मूठ पिळताच तो धापा टाकत जोराने फिरला. उजेड पसरला. म्हैस दिसली, दरीचा कठडा दिसला.

गाडी पुढच्या चढाला लागली. आपल्याला किती मिळेल, हे दिव्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "दमलास का रे, दादा?"