अर्ध्या डावाच्या तीन चाली

एका राज्यात सारेच अर्धे होऊन बसले होते. रस्ते गावातून निघत आणि माळावर मध्येच संपत. भाकरी एका अंगाने भाजे, दुसऱ्या अंगाने कच्ची राही. पोहरा विहिरीच्या काठापर्यंत येई आणि पुन्हा खाली जाई. माणसे एकमेकांना हाक मारीत आणि कशाला मारली ते विसरून उभी राहत. प्रधान दरबारात उठे, म्हणे, "महाराज, शत्रूने आपल्या..." आणि खाली बसे. शत्रूने काय केले ते कोणालाच कळत नसे. बहुधा शत्रूलाही कळत नसावे.

हा घोळ सुरू झाला तो थोरला राजपुत्र नीलकेतू तापाने गेला त्या दिवसापासून. धाकटा अरिंजय जेवायला पाटावर बसे आणि उठून जाई. घोड्यावर खोगीर चढवी आणि उतरवी. आपल्याला रडू येते आहे की राग, हेच त्याला उमगत नसे. गुरूपुढे तो कधी टिकला नव्हता. हात मात्र तलवारीकडे चटकन जाई.

एके सकाळी भावाच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती माणसासारखी बोले, आणि त्या राज्यात याचे कोणाला नवल नव्हते.

"उत्तरेच्या काळ्या डोंगरात भ्रमनाथ मांत्रिक राहतो. शाप त्याचाच. तुझा भाऊ दर अष्टमीला त्याच्याकडे..."

"त्याच्याकडे काय..." अरिंजयचाही प्रश्न पुरा होईना.

"दर अष्टमीला..." साळुंकी गोंधळली, पंख झटकून उडून गेली.

अरिंजयला एवढे पुरले. मांत्रिकानेच दादाला मारले, असे ठरवून तो निघाला. रस्ता संपला तिथून झुडपांतून, झुडपे संपली तिथून दगडांतून. गुहेत शिरला आणि ओरडला, "माझा भाऊ परत दे, नाहीतर मुंडके उडवीन!" शाप देणाऱ्याच्या घरात शाप लागत नसे, म्हणून कितीतरी दिवसांनी त्याचे वाक्य पुरे झाले.

आत भ्रमनाथ बुद्धिबळाच्या पटापुढे बसला होता. दाढी जमिनीला टेकलेली, डोळे सुजलेले. त्याच्या बाजूला काळ्या सोंगट्या होत्या. पांढऱ्यांमागचे आसन रिकामे होते.

"हळू बोल," तो म्हणाला. "त्याची चाल आहे."

"कोणाची?"

"माझी," पटातून आवाज आला. "अरू, ती तलवार ठेव बघू खाली. लागेल कोणाला तरी."

आवाज नीलकेतूचा होता. अरिंजयने तलवार खाली ठेवली. "दादा! कुठे आहेस तू?"

"तेच कळत नाही रे. थोडा इथे, थोडा कुठेच नाही."

भ्रमनाथ मान खाली घालून बोलला, "सात वर्षे तो दर अष्टमीला येई. ना पैज, ना वर मागायचा. नुसता खेळायला येई. गेल्या खेपेस तीन चाली राहिल्या. पुढच्या अष्टमीला येतो म्हणाला, आला नाही. त्याच दिवशी तो गेल्याचे कळले आणि मी शाप दिला. हा डाव पुरा होईपर्यंत या राज्यात काहीच पुरे होणार नाही. त्याचे मरणही नाही. डाव संपला की शाप फिटेल, आणि तो जाईल."

"मग संपवायचाच नाही!"

"मीही तेच म्हणतो."

"तुम्ही दोघे म्हणाल हो," नीलकेतू म्हणाला. "मी अर्धा श्वास घेऊन अडकलो आहे. माझ्या आसनावर बस, अरू. तीनच चाली."

अरिंजय बसला आणि बसल्याबरोबर त्याने घोडा धरला. हात लागला की ती सोंगटी चालवायची, हा नेम मांत्रिकालाही मोडता येत नसे. घोडा हलला आणि मागचा वजीर उघडा पडला. भ्रमनाथने तो उचलला.

पट हसला. "चाल अगदी तुझीच!"

"मला हे येत नाही, दादा. काय मिळायचे तुला यात?"

"हरायला मिळायचे. दरबारात मला कोणी हरू देत नसे. हा म्हातारा मात्र बिनदिक्कत हरवायचा. मग घरी येऊन मला गाढ झोप लागे. शिवाय दोन घटका दुसऱ्याच्या डोक्यात राहायला मिळे. ऊठ, त्याच्या बाजूने बघ."

अरिंजय मांत्रिकाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथून पांढरा राजा फार लहान दिसत होता. काळ्या हत्तीची वाटही दिसली. तो परतला, हात पाठीशी बांधून विचार केला, आणि त्या वाटेत उंट आणून ठेवला.

"कोणी सांगितले हे?" भ्रमनाथने विचारले.

"कोणी नाही. तुमच्या बाजूने पाहिले."

मांत्रिकाने प्यादे पुढे सारून शह दिला. पांढऱ्या राजाला एकच घर उरले होते. अरिंजय त्या घराकडे पाहत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या चालीपुढची चाल दिसली: राजा तिथे गेला की प्यादेमात.

पण चालीला मुदत नव्हती. न खेळता बसून राहिले, तर दादाचा आवाज कायम राहणार होता. अरिंजय बसून राहिला. बाहेर सूर्य अर्धा उगवला, मागे फिरला. पटातला आवाज धापा टाकू लागला.

"दादा, मी हरतो आहे."

"दिसते आहे मला."

"रागावलास?"

"नाही रे. बघून हरतो आहेस. हे तुला आजवर कधी जमले होते का?"

अरिंजयने राजाला हात लावला. आता चालवणे भाग होते. चालवला.

भ्रमनाथचे बोट प्याद्यावर आले. "प्यादेमात," तो पुटपुटला. पटातून एक लांब, पुरा श्वास निघाला. मग काही नाही.

त्याच घटकेस रस्ते गावांना जाऊन मिळाले. पोहरे काठावर आले, भाकऱ्या दोन्ही अंगांनी फुगल्या. प्रधानाचे वाक्य पुरे झाले. शत्रूने सीमेवर तंबू ठोकले होते; पण आपण का आलो हे न आठवल्यामुळे तो ते गुंडाळत होता. राजा-राणीला थोरल्यासाठी पोटभर रडता आले.

अरिंजयही रडला. मांत्रिक सोंगट्या गोळा करीत राहिला, आणि त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला कळेना.

"ठेवू नका," अरिंजय नाक पुसत म्हणाला. "मांडा. मला काळ्या द्या. त्या आसनावर आता बसवत नाही."

भ्रमनाथ उठला, आपली जागा त्याला दिली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा पांढऱ्या सोंगट्यांमागे जाऊन बसला. बराच वेळ त्याला पहिली चाल सुचेना. अरिंजय हात पाठीशी बांधून थांबला.