एडक्यासमोर कवड्या

एकदा एका धनगरवाड्यावर एका कुत्र्याची अब्रू गेली. भर दुपारी, चारचौघांसमोर गेली, आणि त्यात कुत्र्याचा काडीचाही दोष नव्हता. दोष होता मालकाच्या घाईचा.

कुत्र्याचे नाव कवड्या. काळ्या अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके, म्हणून कवड्या. मालकाचे नाव सुभाना. आता धनगराचा कुत्रा हा मुळात राखणीचा. लांडग्याच्या अंगावर जावे, ही त्याची विद्या. पण मेंढरांना न चावता, न पांगवता, वळवून एकत्र आणावे आणि हवे तिकडे न्यावे, हे अंग एखाद्याच कुत्र्यात उपजत असते. कवड्यात ते होते. सुभानाने ते कवड्या पिल्लू असतानाच हेरले आणि तेव्हापासून त्याला चैत्रातल्या जत्रेचे वेध लागले. त्या जत्रेत कुत्र्यांची स्पर्धा भरे. बारा मेंढरे, त्यांत शिंगांचा एक दांडगा नर, एडका, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाळीचे कुंपण, म्हणजे वाघर. कुत्र्याने सगळी मेंढरे वाघरीत घालायची. मालकाने मात्र भंडाऱ्याने आखलेल्या पिवळ्या रेघेमागे उभे राहायचे. रेघ ओलांडली की डाव संपला.

जत्रेला महिना उरला असताना वाड्यावर पाहुणे आले. त्यांत मेंढरांचा एक व्यापारीही होता. कवड्या जेमतेम दीड वर्षाचा. चार कोकरांपलीकडे त्याने काही हाकलेले नव्हते. पण पाहुण्यांसमोर मिरवायची हौस सुभानाला आवरली नाही. त्याने कवड्याला एकदम दोनशे मेंढरांच्या कळपावर सोडले. कळपात काळतोंड्या एडका होता. त्याने मान खाली घातली, चार पावले मागे सरला आणि कवड्याला असा उडवला, की बिचारा दोन कोलांट्या खाऊन थेट बिऱ्हाडाच्या घोड्याच्या पोटाखाली जाऊन बसला. पाहुणे पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून एडक्याच्या गळ्यातली घंटा वाजली, की कवड्याचे शेपूट पायांत जाई.

व्यापारी म्हणाला, "सुभाना, ह्यो काय मेंढरं हाकत न्हाई आता. मला दे. कोंबड्यांच्या शेडला साखळीनं बांधतो. भुंकायला तरी येतंय न्हवं?"

सुभानाच्या अंगाचा तिळपापड झाला. "जत्रंत ह्यानं मेंढरं वाघरीत घातली न्हाईत, तर खुशाल घिऊन जा!" तो बोलून गेला. चारचौघांत दिलेला शब्द, तो परत कसा घेणार? पुढे कवड्याच्या मानेवरून हात फिरवताना त्याला तिथे साखळीच दिसू लागली.

अखेर तो आप्पांकडे गेला. आप्पा हे वाड्यावरचे सर्वांत वृद्ध मेंढपाळ. लोकर कातरण्यापासून अडलेली मेंढी सोडवण्यापर्यंत सारे काही सुभाना त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्यांच्यावर त्याची अपार श्रद्धा होती, आणि मनात एक जुनी अढीही होती. अठराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा एकट्याने सारा कळप छातीइतक्या पाण्यातून नदीपार नेला होता. पाण्यातून मागे पाहिले तेव्हा त्याला आप्पांची पाठच दिसली होती. पलीकडे पोचून त्याने मोठ्या ऐटीत वळून पाहिले, तरी आप्पा अलीकडच्या काठावर, नदीकडे पाठ करून, तंबाखू मळत बसलेले! आपला शिष्य बुडतो की तरतो, हे बघावेसेही त्यांना वाटले नाही? बारा वर्षे हे शल्य त्याने कुणाला बोलून दाखवले नव्हते.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि कळपातल्या तीन म्हाताऱ्या मेंढ्या बाजूला काढल्या. त्यांतल्या एकीला धड दिसतही नव्हते.

"ह्या?" सुभाना म्हणाला. "आप्पा, ह्या तर वाऱ्यानंबी पुढं सरकतील."

"म्हणूनच काढल्या," आप्पा म्हणाले.

कवड्या भीत भीत पुढे झाला. मेंढ्या हलल्या. त्याने कान टवकारले, एक फेरा मारला, तिघींना एकत्र केले आणि बाभळीपर्यंत नेले. आप्पांनी लगेच शीळ घालून त्याला परत बोलावले आणि भाकरीचा तुकडा दिला.

"आणि एकदा करू की," सुभाना म्हणाला. "बघा, कसा नाचतोय!"

"नाचतोय तवरच थांबायचं. जिकून झोपू दे त्याला."

आठ दिवस हेच. मग तीनाच्या पाच झाल्या, पाचाच्या दहा. दुसऱ्या वाड्यांवरचे कुत्रे शंभर-शंभर मेंढरे हाकत असल्याच्या वार्ता येत, आणि सुभानाचा जीव खालीवर होई. जत्रा दहा दिवसांवर आली तेव्हा कुठे आप्पांनी काळतोंड्या आणवला. तोही पोटभर चरून, पाणी पिऊन सुस्तावलेला. आप्पा काठी घेऊन कवड्याच्या अगदी मागे उभे राहिले. एडक्याने काठी पाहिली आणि तो मागे हटला. कवड्याला वाटले, आपल्यालाच भ्याला. त्याची छाती दोन बोटे पुढे आली.

आप्पा जिथे उभे होते तिथे त्यांनी एक दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी ते त्या दगडाच्या एक पाऊल मागे उभे राहिले, तिसऱ्या दिवशी चार पावले. माळावर दगडांची ओळ लांबत गेली. कवड्याला एक खोड होती. अडला की तो मान वळवून मागच्या माणसाचे तोंड बघे. शेवटच्या तीन दिवसांत तर आप्पांनी कमाल केली. कवड्या एडक्यापाशी पोचला, की ते चक्क पाठ फिरवून तंबाखू मळू लागत. सुभानाला नदीचा काठ आठवे आणि मनातली अढी आणखी घट्ट होई. म्हातारपणी माणसाचे लक्ष लागत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

जत्रेच्या दिवशी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. पहिल्या कुत्र्याने मेंढरे उधळून लावली. दुसऱ्याने एका मेंढीचा पाय धरला आणि तो बाद झाला. तिसऱ्याने मात्र बाराच्या बारा आत घातली. मग कवड्याचे नाव पुकारले गेले. गर्दीत पुढेच व्यापारी उभा होता, आणि त्याच्या हातात साखळी होती!

कवड्या सुटला. त्याने रुंद फेरा मारला, मेंढरे गोळा केली आणि निम्म्या मैदानापर्यंत सुरेख नेली. तिथे एडका वळला. जत्रेचा एडका, परका, काळतोंड्यापेक्षाही थोराड, गळ्यात तशीच घंटा. त्याने पाय आपटला आणि मान खाली घातली. कवड्या जागच्या जागी थबकला. एक पाय वर उचललेला. आता तो मान वळवणार, हे सुभानाने ओळखले. त्याचा स्वतःचा पाय पिवळ्या रेघेवर गेला.

"पाठ फिरव," शेजारून आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्याला मारंल त्यो!"

"फिरव म्हणतो न्हवं. बिगीनं!" असे म्हणून आप्पांनी स्वतः मैदानाकडे पाठ केली.

लोक हसले. व्यापारी म्हणाला, "आता कुत्र्याचं तोंड बघायचीबी लाज वाटाय लागली जणू!" सुभानाच्या कानशिलांत रक्त उसळले. पण आप्पांचा शब्द त्याने आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्याने पाय मागे घेतला आणि पाठ फिरवली.

आता त्याला मैदान दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त शेजारच्या आप्पांचा चेहरा. आप्पांनी डोळे गच्च मिटले होते. तळहातावरचा तंबाखू कधीच सांडून गेला होता आणि अंगठा रिकाम्या तळव्यावरच फिरत होता. इतकी वर्षे ज्या माणसाला कशाचीच धास्ती नाही असे सुभाना समजत होता, त्या माणसाचा चेहरा तो आज प्रथमच पाहत होता.

मागे एडक्याची घंटा एकदा वाजली आणि थांबली. गर्दी गप्प झाली. मग कवड्या भुंकला, एकदाच, घोगरे आणि ठाम. घंटा पुन्हा वाजली. हळू वाजली, मग भरभर, आणि दूर दूर जाऊ लागली. खुरांचा आवाज एका लयीत तिच्यामागे निघाला. शेवटी वाघरीच्या तोंडाची आडकाठी पडल्याचा खटका झाला आणि सारे मैदान ओरडून उठले.

सुभाना वळला. बारा मेंढरे आत होती, आणि वाघरीच्या तोंडाशी कवड्या शेपूट ताठ करून उभा होता. मग तो धावत आला आणि त्याने सुभानाच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले. स्पर्धेत त्याचा नंबर दुसरा लागला. पहिला त्या तिसऱ्या कुत्र्याचा, कारण त्याला वेळ कमी लागला होता. सुभानाला त्याचे काहीच वाटले नाही. त्याची छाती अभिमानाने भरून आली होती. व्यापाऱ्याने साखळी मुकाट्याने पिशवीत घातली. जाता जाता मात्र त्याने कवड्याच्या डोक्यावर थोपटले.

गर्दी ओसरल्यावर सुभानाने विचारले, "आप्पा, पाठ का फिरवाय लावली?"

आप्पा म्हणाले, "कुत्रं एडक्याची शिंगं नंतर बघतं, आदी मालकाचं तोंड बघतं. तुज्या तोंडावर भ्या हुतं, माज्याबी हुतं. ते त्याला दिसलं असतं, तर जे शिकला ते सगळं तिथंच इसरला असता. माणूस पाठ कवा फिरवतो? मागं काळजीचं काय न्हाई तवा. कवड्यानं वळून बघितलंच असणार, तवा आपल्या पाठी दिसल्या. त्याला वाटलं, ह्यांस्नी घोर न्हाई म्हंजे आपल्याला जमणार. भ्या आपल्यापाशी ठेवायचं, लेका. त्याच्या वाटणीला इश्वास तेवढा जाऊ द्यायचा."

सुभानाने हळूच विचारले, "आणि त्या दिवशी, नदीवर?"

आप्पांनी चंची उघडली आणि नवा तंबाखू तळहातावर घेतला. "तू तीनदा मागं बघितलंस," ते म्हणाले. "मी मोजलं हुतं. भेदरल्या तोंडानं तुज्याकडं बघत बसलो असतो, तर तिसऱ्यांदा तू परत फिरला असतास."

"पण तुमची तर पाठ हुती. मोजलं कसं?"

"तू वळलास की मेंढरं थांबायची, आणि घंटाबी, बाबा. तीनदा थांबल्या. तिन्ही वेळा माजा जीव थांबला."

सुभानाने वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. बारा वर्षे उराशी बाळगलेला अपमान हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान होता, हे त्याला त्या क्षणी कळले, आणि त्याला रडू आवरेना.

त्या वाड्यावर पुढे एक रीतच पडून गेली. कुणी पहिल्यांदा एकट्याने कळप पाण्यात घातला, की काठावरची सारी वडीलधारी माणसे नदीकडे पाठ करून बसतात आणि घंटा ऐकतात. पाण्यातला वळून पाहतो, त्या पाठी बघतो आणि पुढे निघतो.