राजाचा पलंग आणि आनशीचा पडाव

"खाडीतल्या तिन्ही जुन्या होड्या पारखा! प्रवासाला, शर्यतीला आणि राहायला जी सर्वांत सरस, ती आमच्या धक्क्याला बांधा. उरलेल्या दोन फोडा आणि मुदपाकखान्याच्या चुलीत घाला!"

वेळवण संस्थानच्या पर्वतराव महाराजांचा हा हुकूम. महाराजांना दर्याचं भारी वेड. ते त्यांनी आजवर गच्चीत बसून, पाय शालीत गुंडाळून जोपासलं होतं. नवी होडी बांधायला दोन वर्षं लागतात, आणि महाराजांचा धीर पानात भात पडेपर्यंतही टिकत नसे. म्हणून जुन्या होड्यांवर संक्रांत आली.

एक होता सडपातळ मचवा, पळण्यात पटाईत. एक गलबत, लांबलांबच्या बंदरांचं पाणी प्यालेलं. आणि एक रुंद बुडाचा पडाव, कौलं आणि मीठ वाहून म्हातारा झालेला. या पडावातच धर्मा तांडेल आणि त्याची मुलगी आनशी राहत. दुसरं घर त्यांना नव्हतं.

हुकूम ऐकून धर्माने कपाळाला हात लावला. "आनशे, हरलो तर घर चुलीत. जिंकलो तर घर राजाच्या धक्क्याक. आपण ऱ्हवाचा खंय गो?"

"आधी जिंकूया, बाबानू. मगे बघूया राजा काय नेता ता!"

खाडीबाहेरच्या बेटाला वळसा घालून परत यायचं, असं ठरलं. त्यात प्रवासही झाला आणि शर्यतही. राहण्याच्या परीक्षेसाठी महाराजांचं अख्खं बिऱ्हाड एका होडीत चढवायचं. दरबारात हे एकमताने ठरलं. दरबारात नेहमीच एकमत होई, कारण मत एकालाच होतं.

मचव्यावर दिवाणजी चढले, गलबतावर सेनापती. दोघांनाही आरमारप्रमुख व्हायचं होतं. पोहता मात्र एकालाही येत नव्हतं. पडावाचं सुकाणू आनशीने धरलं.

"बिऱ्हाड त्या पडावात टाका," दिवाणजी गोड हसून म्हणाले. "जागा ऐसपैस आहे. शिवाय पोर हरणारच आहे बिचारी."

"टाका की!" आनशी म्हणाली. "पण सगळा हां! पाटो-वरवंटो, जाती, हंडे, शिसवी पलंग. आनी पलंगावर म्हाराज! पलंग रिकामो गेलो तर परीक्षा कसली?"

महाराज हरखून गेले. आपल्यावाचून एखादं काम अडतं, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होतं.

होडी वाऱ्याने कलंडू नये म्हणून तिच्या तळाशी धोंडे भरतात. खलाशी त्याला नीरम म्हणतात. सामान चढवण्याआधी आनशीने पडावातले धोंडे उपसून काठावर टाकले. त्यांच्या जागी, अगदी तळाला, तिने जाती आणि हंडे घट्ट रचले आणि मधोमध पलंग करकचून बांधला.

दिवाणजींनी फक्त धोंडे बाहेर पडताना पाहिले. "अरे वा! पोरगी होडी हलकी करतेय! आमचेही काढा!"

सेनापती मागे कसे राहतील? "आमचे आधी काढा!"

मचव्याचा तांडेल हात जोडून म्हणाला, "दिवाणजी, नीरम काढू नकात. होडी उताणी होतली!"

तेव्हा दिवाणजींनी त्याला समजावून सांगितलं की दिवाण कोण आणि तांडेल कोण. तांडेलाने धोंडे उपसून काठावर टाकले. गलबताचेही तिथेच पडले.

नगारा वाजला. मचवा सुसाट सुटला, त्याच्यामागे गलबत. सगळ्यांत शेवटी पडाव, आणि पलंगावर बसून "हाणा! हाणा!" ओरडणारे महाराज. धर्माला तर चुलीचा धूरच दिसू लागला.

खाडीचं मुख ओलांडलं आणि खरा वारा लागला. मचवा असा आडवा झाला की शीड पाण्याला टेकलं. दिवाणजी डोलकाठीला मिठी मारून कुलदैवताला नवस बोलू लागले. "शीड उतरवा रे!" गलबताचं शीड सेनापतींनी त्याआधीच उतरवलं होतं. घाबरून नव्हे हो, डावपेच म्हणून! बिनशिडाच्या दोन्ही होड्या लाटांवर झोके घेत राहिल्या. आणि पडाव? तो भरल्या पोटी, शीड ताणून, त्यांच्यामधून ठामपणे पुढे निघून गेला.

बेटाला वळसा घालताना महाराजांनी सकाळचा शिरा दर्याला अर्पण केला. पुढची सगळी शर्यत ते पलंगाचा खांब धरून एकच वाक्य बोलत होते. "घरी चला... घरी चला..."

पडाव पहिला आला! महाराजांचे पाय जमिनीला लागले आणि त्यांची ऐट परत आली.

"शाबास! पडाव आमचा! बांधा धक्क्याला! त्या दोन फोडा!"

धर्माच्या डोळ्यांत पाणी आलं. आनशी पुढे झाली.

"म्हाराज, शर्यत कोणी जिंकली?"

"तुझ्या पडावाने! दिसलं नाही का?"

"शर्यतीत पडाव तर दरसाल शेवटचो येता. खाडीत कोणाकय इचारा. मगे आज त्याच्यात नवा काय होता?"

महाराज विचारात पडले. ही सवय नसल्यामुळे जरा वेळ लागला. "आमचं सामान... आणि आम्ही!"

"तर मगे! शर्यत जिंकली ती नीरमान. आनी आज नीरम म्हणजे तुमची जाती, तुमचो पलंग आनी तुमी! ता बाहेर काढला की पडाव तोच जुनो. तो पयलो ऱ्हवाक व्हयो, तर तुमका त्याच्यात कायमचा ऱ्हवाचा लागतला."

"कायमचं?" महाराज पांढरेफटक पडले. "नको! नको!"

"तर हुकुमाप्रमाणे करूया. जिंकला ता राजवाड्यात! उचला रे पलंग! म्हाराजांका हात देवा!"

इतक्यात दिवाणजी निथळत येऊन पोचले. "पण... पण हरलेलं चुलीत घालायचा हुकूम आहे, त्याचं काय?"

"घाला की, दिवाणजी! हरला ता तुमचा नीरम. थंय काठार पडला हा. नाय तरी चुलीक धोंडे लागतातच!"

महाराज असे खो खो हसले की त्यांना पलंगावरच टेकावं लागलं. तिन्ही होड्या ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. आरमारप्रमुखाचा शेला महाराजांनी स्वतःच्या हाताने आनशीच्या खांद्यावर घातला. आणि तिन्ही होड्यांत धोंडे परत भरायचं काम? ते नव्या आरमारप्रमुखाने दिवाणजी आणि सेनापती यांच्यावर मोठ्या विश्वासाने सोपवलं!