शून्य दुखतंय

"यंत्र तुझंच, ठीक म्हणतंय तेच. मग बिरूला का थांबवतोस?"

केरबा वस्ताद तालमीत वेताच्या छडीवर टेकून उभे होते. श्रेणिक लॅपटॉपपाशी बसला होता.

इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून, पाच महिने खपून त्यानं हे सॉफ्टवेअर लिहिलं होतं. लॅपटॉपसमोर उभं राहायचं, सांगेल तसा हात वर करायचा, दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. खांद्यात काय बिघडलंय ते पडद्यावर येतं. पोराला त्याचा कोण गर्व.

आत्ताच बिरू पैलवानाचा खांदा तपासून झाला होता. पडद्यावर हिरवी अक्षरं : खांदा ठीक. बिरू विहिरीवर अंघोळीला गेला. उद्या जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती.

"वस्ताद, त्यानं सदरा कसा चढवला बघितलं? उजवा हात डाव्या हातानं उचलून बाहीत घातला. मेलेल्या माणसाचा घालावा तसा."

"म्हंजे यंत्र खोटं."

"यंत्र नाही. बिरू खोटं बोलला."

"का?"

वस्तादांना उत्तर नको होतं, होकार हवा होता. वडीलधाऱ्यांना बहुधा तेवढंच हवं असतं. वस्तादांच्या याच छडीनं एकदा श्रेणिकच्या पिंढऱ्या सुजवल्या होत्या. पण उद्या बिरूचा हात कायमचा गेला, तर ठीक म्हणणारं यंत्र श्रेणिकचं असणार होतं. ती भीती छडीच्या भीतीपेक्षा थोरली निघाली.

"तुम्ही समोर उभं होता म्हणून. किती दुखतंय विचारलं, तर तुमच्याकडं बघून म्हणाला, शून्य. दुखतंय म्हणणाऱ्याला तुम्ही बांगड्या भरायला धाडता. आपल्याच तालमीतल्या महिपतीचा खांदा असाच गेला. आज त्याला स्वतःचं लेकरू उचलता येत नाही. ते तुम्ही केलंय, वस्ताद."

छडी हलली. श्रेणिकनं डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले, तर छडी जमिनीवर पडलेली आणि वस्ताद लॅपटॉपसमोर.

"मला इचार."

"वस्ताद…"

"इचार म्हणतोय न्हवं."

"हात… हात वर करा."

उजवा हात बोटाबोटानं वर चढला. कानाला टेकला. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला.

"दुखतंय?"

"न्हाई."

"त्या कुशीवर झोप लागते?"

"लागती."

वस्ताद कैक वर्षं खांबाला टेकून बसूनच झोपतात, हे अख्ख्या तालमीला ठाऊक होतं.

"शून्य ते दहा. किती दुखतंय?"

वस्तादांची नजर भिंतीकडं गेली.

"शून्य."

हिरवी अक्षरं आली. एवढा मोठा माणूस, आणि नवख्या पैलवानासारखा खोटं बोलतोय.

"वस्ताद, दार लावलंय. इथं कोण नाही. माझ्याजवळ तरी खरं बोला."

"कोण न्हाई व्हय…"

ते भिंतीपाशी गेले. तिथं त्यांच्या वस्तादांची तसबीर होती. पिळदार मिशा, वटारलेले डोळे. माणूस जाऊन छत्तीस वर्षं झालेली. केरबा वस्तादांनी ती काढायला हात उचलला. मघाशी ओढून वर नेलेला हात आता छातीपर्यंतच आला आणि थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच थांबला.

"तेवढी काढ. माझा हात पोचत न्हाई."

श्रेणिकनं तसबीर काढून दिली. बाहेर बिरूच्या ओल्या पावलांचा आवाज आला.

वस्तादांनी तसबीर डाव्या काखेत मारली आणि दार उघडलं.

"आमी दोघं भाईर बसतो. आता इचार त्याला."